गव्हाणी रिकामी राहू द्या

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे, वाट पाहण्याचे चार आठवडे. त्याच्या पहिल्या रविवारी शुभवर्तमानातून जे वाचलं जातं, त्यात बाळ नाही, मरीया नाही, मेंढपाळही नाहीत. तीन वर्षांच्या वाचनक्रमात एका वर्षी मत्तयच्या शुभवर्तमानाचा 24वा अध्याय येतो, दुसऱ्या वर्षी मार्कचा 13वा आणि तिसऱ्या वर्षी लूकचा 21वा. नोहाच्या काळी लोक खातपीत, लग्नं करत असताना आलेला पूर. परगावी गेलेल्या धन्याने दारावर बसवलेला द्वारपाळ. सूर्य, चंद्र आणि तारे यांत दिसणारी चिन्हं. तिन्ही उतारे एकच सांगतात: जागे राहा. हे वाचन चालू असताना अनेक चर्चमध्ये वेदीशेजारी पूर्ण सजलेला गोठा उभा असतो, गवतावर बाळ निजलेलं असतं आणि उपासना संपताना क्वायर, म्हणजे गायकवृंद, जोशात नाताळचं कॅरोल सुरू करतो. कानांवर पडतं एक, डोळ्यांना दिसतं दुसरंच.

हा पंचांगाचा किरकोळ घोळ आहे, आनंद चार आठवडे आधी सुरू झाला तर बिघडलं काय, असं बरेच जण म्हणतात. माझ्या मते बरंच बिघडतं. आगमनकाळ गिळून टाकलेल्या नाताळात देव माणूस झाला हे विधान उरत नाही. उरतो तो एका गोंडस बाळाचा वाढदिवस.

आधी या काळाची बांधणी पाहू. पाश्चात्त्य चर्चमध्ये 30 नोव्हेंबरला जवळ असेल तो रविवार आगमनकाळाचा पहिला, म्हणजे तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. रविवार नेहमी चारच, दिवस मात्र 22 ते 28. उपासनेचं नवं वर्ष इथूनच सुरू होतं. मिलानच्या आंब्रोसियन परंपरेत हाच काळ सहा आठवड्यांचा आहे आणि पौर्वात्य चर्चमध्ये नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, पाचव्या शतकाच्या अखेरीस 11 नोव्हेंबरपासून आठवड्यातून तीन दिवस उपवास करायची रीत होती. थोडक्यात, मोजमाप सगळीकडे सारखं नव्हतं, पण वाट पाहण्याला काही लांबी असावी लागते हे सगळ्यांनाच मान्य होतं.

या चार आठवड्यांचे दोन भाग पडतात आणि खरी गोची इथेच होते. 16 डिसेंबरपर्यंतचा भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान समोर येतो, आणि तो काही पाळणे गाणारा माणूस नव्हे. झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे असं बजावणारा तो. 17 तारखेपासून सूर बदलतो आणि वाचनं बेथलेहेमच्या दिशेने वळतात. चौथ्या रविवारी कुठे एका वर्षी योसेफाचं स्वप्न, एका वर्षी मरीयेला मिळालेला देवदूताचा निरोप आणि एका वर्षी मरीया व योहानाची आई अलीशिबा यांची भेट येते. म्हणजे ज्या गोष्टीला आपण डिसेंबरभर ‘नाताळची गोष्ट’ म्हणत असतो, ती रविवारच्या वाचनांत शेवटच्या आठवड्यापर्यंत येतच नाही.

असं उलट्या टोकाने का सुरू करायचं? शेवट आधी आणि जन्म नंतर, ही मांडणी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. तिचं उत्तर देहात आहे.

देव माणूस झाला यासाठी मराठीत आपण ‘देहधारण’ हा शब्द वापरतो. शब्द रुळलेला आहे आणि तो बदला असं माझं म्हणणं नाही, पण त्यात एक खाच आहे. धारण करायचं ते वस्त्र, शस्त्र, रूप, मौन. जे धारण केलं ते उतरवताही येतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली जीर्ण वस्त्रांची उपमा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की देह म्हणजे अंगरखा हे आपण न बोलता गृहीत धरतो. शुभवर्तमान लिहिणारा योहान मात्र ‘शब्द (म्हणजे देवाचा पुत्र) देही झाला’ असं म्हणतो. देह घेतला, पांघरला असं नाही, झाला. ‘अवतार’ या शब्दाचंही तसंच. अवतार म्हणजे उतरणं. ते युगायुगांत पुन्हा पुन्हा घडतं आणि कार्य झालं की ते रूप संपतं. ही तुलना कोण श्रेष्ठ हे ठरवायला केलेली नाही, दावे वेगळे आहेत एवढंच दाखवायचं आहे. ख्रिस्ती दावा असा की हे एकदाच घडलं आणि तो देह नंतर टाकून दिला गेला नाही. पुनरुत्थानानंतर थोमा या शिष्याला हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा दिसतात, आणि स्वर्गारोहण होतं ते त्याच देहासकट. म्हणून जो येणार आहे तो आणि जो गव्हाणीत निजला होता तो, यांचा देह एकच. पहिल्या रविवारचं वाचन आणि 24 डिसेंबरची रात्र यांना जोडणारा धागा हाच आहे. तो तुटला की एकीकडे जगबुडीची भीती उरते आणि दुसरीकडे बाळाचं कौतुक. दोन्हींचा एकमेकांशी संबंध राहत नाही.

देव माणूस झाला म्हणजे नेमकं काय झालं, यावर चर्चने जवळजवळ सव्वाशे वर्षं कडाक्याचे वाद घातले. 325 साली नायसियाच्या परिषदेपुढे प्रश्न होता की आलेला पुत्र खरोखर देव आहे का. एरियसचं म्हणणं, पुत्र ही सर्वोच्च असली तरी निर्मितीच; तो नव्हता असा एक क्षण होता. परिषदेने उत्तर दिलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. 381 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये उलट बाजूची चूक नाकारली गेली. लावदिकियाचा बिशप अपोलिनारिस म्हणत होता की येशूचं शरीर माणसाचं होतं, पण माणसाच्या मनाच्या, बुद्धीच्या जागी दैवी शब्दच होता. यावर नाझियानझसच्या ग्रेगरींचा युक्तिवाद आजही धारदार वाटतो: ख्रिस्ताने मानवाचं जे स्वतःत घेतलंच नाही, ते बरंही झालं नाही. मन घेतलं नसेल तर आपलं मन तसंच आजारी राहिलं. 431 साली एफिससला मरीयेला ‘देवमाता’ म्हणण्यावरून भांडण झालं, आणि मुद्दा मरीयेचा कमी, तिच्या उदरात नेमकं कोण होतं याचा जास्त होता. अखेर 451 साली खाल्सेदोनला चार नकार लिहिले गेले: ख्रिस्ताचे दोन स्वभाव एका व्यक्तीत आहेत, ते मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत, वेगळे होत नाहीत. कसे एकत्र येतात हे तिथे सांगितलेलं नाही. फक्त चार बाजूंनी कुंपण घातलं आहे, आणि हा शहाणपणा होता असं मला वाटतं.

आजच्या गोड नाताळात एरियस क्वचितच भेटतो. अपोलिनारिस मात्र जागोजागी भेटतो. गव्हाणीतलं बाळ सगळं जाणून असल्यासारखं हसत असतं, रडत नाही, आणि मूर्तीचे हात जन्मतःच आशीर्वादासाठी उचललेले असतात. लूक सांगतो ते वेगळं: तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. वाढत गेला म्हणजे आधी कमी होता. शिकत गेला म्हणजे आधी ठाऊक नव्हतं. बारा वर्षांचा असताना मंदिरात तो गुरुजनांचं ऐकतो आणि त्यांना प्रश्न विचारतो.

याच संदर्भात मार्कच्या तेराव्या अध्यायातली एक जागा नीट पाहण्यासारखी आहे. त्या दिवसाविषयी वा घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, असं 32व्या वचनात येशू स्वतः म्हणतो. कॅथलिक वाचनात पहिल्या रविवारचा उतारा 33व्या वचनापासून सुरू होतो, म्हणजे हे वाक्य एका ओळीने हुकतं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात त्या क्रमात तो 24पासून आहे आणि तिथे हे वचन ऐकू येतं. पण बहुतेक उपदेशक त्यावरून घाईने पुढे जातात, कारण ते अडचणीचं आहे. एरियसच्या अनुयायांनी हेच वचन हत्यारासारखं वापरलं होतं. मला वाटतं, आगमनकाळाचा उपदेश इथूनच सुरू व्हावा. पुत्र माणूस झाला तो इतका, की माणसासारखी वाट पाहणंही त्याच्या वाट्याला आलं.

म्हणून वाट पाहणं ही देहधारणाची नुसती पूर्वतयारी नव्हे, ती त्यातच मोडते. 25 मार्चला मरीयेला मिळालेल्या निरोपाचा सण, 25 डिसेंबरला जन्माचा. मध्ये पूर्ण नऊ महिने आहेत. तारखा ऐतिहासिक आहेत की नाहीत हा वाद बाजूला ठेवला तरी हे अंतर मुद्दाम राखलेलं आहे. लूक तर जवळजवळ सुईणीच्या काटेकोरपणाने मोजतो: अलीशिबेला सहावा महिना लागला होता, मरीया तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली आणि मग घरी परतली. पुढे येशूने कार्याला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे आयुष्यातली बहुतेक वर्षं शुभवर्तमानांच्या दृष्टीने जवळजवळ कोरी आहेत. देवाला घाई असती तर तो थेट प्रौढ माणूस बनून आला असता. गर्भाला घाई करता येत नाही, हे कोणत्याही आईला ठाऊक असतं; डिसेंबरचे कार्यक्रम ठरवणाऱ्या समित्यांनाच तेवढं ते पटत नाही.

आता व्यवहाराकडे येतो, कारण तत्त्व पटलं तरी चुका हातून होतात त्या बारीकसारीक गोष्टींत.

मेणबत्त्यांचं हिरवं कडं घ्या. ही प्रथा वाटते तितकी प्राचीन नाही. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न या पाळकाने आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या: चार मोठ्या पांढऱ्या रविवारसाठी आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल. नाताळ कधी येणार असं मुलं सारखी विचारत, त्यावरचा हा उपाय. आज आपण फक्त चार ठेवतो, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. त्यांतली पहिली चारही रविवारी जळते, शेवटची एकदाच. तासाभराची उपासना धरली तर पहिली चार तास, दुसरी तीन, तिसरी दोन आणि चौथी एक तास. चौथ्या रविवारी चौघींची उंची पायऱ्यांसारखी उतरती दिसते, आणि पाहण्यासारखं असतं ते हेच: सरलेला काळ. नेहमीची चूक अशी की बारीक मेणबत्त्या आणल्या जातात, पहिली तिसऱ्या आठवड्यातच बुडाला टेकते, मग कुणीतरी तत्परतेने तिथे नवी कोरी लावतं आणि पायऱ्या मोडतात. जाड मेणबत्त्या घ्या, आणि आठवड्याच्या मधल्या प्रार्थनांनाही लावणार असाल तर ते तास आधीच हिशेबात धरा. दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. हिरव्या डहाळ्या तीन आठवड्यांत वाळून कोळ होतात, आणि नेमक्या तेव्हाच मेणबत्त्यांच्या ज्योती खाली आलेल्या असतात. म्हणून मेणबत्ती धातूच्या वाटीत, पानांच्या वर उचलून बसवावी आणि तिसऱ्या रविवारआधी डहाळ्या बदलाव्यात. गुलाबी मेणबत्ती तिसरी असते. सर्वांत सुंदर दिसते म्हणून ती शेवटी ठेवू नये. त्या रविवारचं नाव ‘गौदेते’, म्हणजे ‘आनंद करा’. पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातल्या चौथ्या अध्यायावरून ते आलं. जांभळ्या रंगात मध्येच गुलाबी येतो तो अर्धी वाट सरली म्हणून.

मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रेम अशी नावं देण्याची पद्धतही आता पसरली आहे. क्रम प्रत्येक मंडळीत वेगळा असतो. मला ती फारशी रुचत नाही. हे चार शब्द कोणत्याही सणाला, कोणत्याही शुभेच्छापत्रावर चालतील. योहानाच्या कुऱ्हाडीचं काय करायचं हे त्यांत कुठेच नाही.

गोठ्याबद्दल माझा आग्रह शीर्षकात आलाच आहे. गोठा पहिल्या रविवारी उभा करायला हरकत नाही, पण गव्हाणी रिकामी असावी. आधी जनावरं ठेवा. शुभवर्तमानांत बैल आणि गाढव नाहीत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून गोठ्यात शिरले, पण ‘बैल आपल्या धन्याला ओळखतो’ हे तिथलं वाक्य आगमनकाळाला चपखल बसतं. मरीया आणि योसेफ चौथ्या आठवड्यापर्यंत वाटेवर असू द्या: दाराजवळच्या कोनाड्यात, मग मधल्या खांबापाशी, मग जवळ. बाळ 24च्या रात्री. मेंढपाळ त्यानंतर. मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, तर 6 जानेवारीपर्यंत गोठ्याच्या आसपास काही काम नाही. मत्तय त्यांना ‘घरात’ आल्याचं सांगतो, आणि ते तीन होते असंही तो कुठे म्हणत नाही. भेटवस्तू तीन होत्या.

उपासनेच्या शब्दांतही हीच शिस्त आहे. कॅथलिक चर्चच्या रोमन विधीत या काळातल्या रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हटलं जात नाही, कारण ते देवदूतांनी मेंढपाळांना ऐकवलेलं गीत आहे आणि ते 24च्या रात्रीच्या मिस्सासाठी (मुख्य उपासनेसाठी) राखून ठेवायचं असतं. आलेलुया मात्र चालू राहतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तो थांबतो, इथे थांबत नाही. जे धर्मगुरू आगमनकाळाला छोटा उपवासकाळ समजून चार रविवार खरेदी आणि चैनीवर ताशेरे ओढतात, त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. हा पश्चात्तापाचा काळ आहे, पण सुतकी नाही.

17 ते 23 डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत सात जुन्या हाका आहेत. रोज एक: हे ज्ञाना, हे प्रभू, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उदया, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. प्रत्येकीचा शेवट ‘ये’ असा. लॅटिनमधल्या या नावांची आद्याक्षरं शेवटाकडून वाचली तर ‘एरो क्रास’ असं वाक्य होतं, म्हणजे ‘उद्या मी असेन’. हे मुद्दाम रचलं की योगायोगाने जुळलं, यात मी पडत नाही. आगमनकाळात काय गावं असा प्रश्न क्वायरला पडत असेल, तर या सात हाका समोर आहेत.

आणि 17 तारखेला कॅथलिक वाचनात येते ती मत्तयने दिलेली येशूची वंशावळी. नावांची लांबलचक यादी म्हणून रविवारच्या उपासनेत ती सहसा कुणी घेत नाही. पण ‘देह’ म्हणजे काय याचं इतकं खरं चित्र दुसरीकडे नाही. तिच्यात मरीयेखेरीज चार स्त्रिया आहेत: सासऱ्यापासून मुलं झालेली तामार, यरीहोतली वेश्या राहाब, मवाबी परकी रूथ, आणि चौथीचं तर नावच दिलेलं नाही, ‘उरीयाची बायको’ एवढंच म्हटलं आहे. दाविद राजाने उरीयाची बायको बळकावली होती, हे विसरायची सोय मत्तय ठेवत नाही. देव देही झाला तो या घराण्यात. पाच मिनिटांत वाचून होते.

विरोधातले दोन मुद्दे मला मान्य आहेत. पहिला, पवित्र शास्त्रात आगमनकाळ नावाचा काही काळ नाही. खरं आहे; नाताळचा सणही नाही. ज्या मंडळ्या दोन्ही पाळत नाहीत त्यांच्याशी माझं भांडण नाही. एक पाळायचा आणि दुसरा खाऊन टाकायचा, याला शास्त्राचा आधार देता येत नाही, इतकंच. दुसरा मुद्दा जास्त अवघड. वर्षभर न फिरकणारी माणसं डिसेंबरात चर्चमध्ये येतात ती कॅरोल ऐकायला; त्यांना कुऱ्हाड आणि पूर ऐकवायचा का? शाळांचे, कार्यालयांचे कार्यक्रम सुट्टीआधीच होणार, त्यांना 25ची वाट पाहा म्हणणं वेडेपणाचं ठरेल. तिथे कॅरोल जरूर गा. माझं म्हणणं रविवारच्या उपासनेपुरतं आहे. आणि जी माणसं एकदाच येतात त्यांच्यातल्या पुष्कळांकडे आनंद नसतोच. त्या वर्षी कुणीतरी गेलेलं असतं, काहीतरी तुटलेलं असतं. ‘अजून आलेला नाही, आम्हीही वाट पाहतोय’ हे वाक्य त्यांना कॅरोलपेक्षा जास्त जवळचं वाटू शकतं.

शिवाय लवकर सुरू झालेला नाताळ लवकर संपतोही. सण खरा 25 डिसेंबरला सुरू होतो आणि परंपरेने 6 जानेवारीपर्यंत बारा दिवस चालतो. पण चार आठवडे गाऊन घसा बसलेला क्वायर 26 तारखेला सुट्टीवर जातो, सजावट उतरते, आणि ज्या आठवड्यात ही गाणी म्हणायची त्याच आठवड्यात चर्च मुकं असतं. उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धासंग्रहातल्या ‘आणि मनुष्य झाला’ या ओळीला एरवी मान झुकवतात. नाताळला आणि 25 मार्चला मात्र रोमन विधीत तिथे गुडघे टेकायचे असतात. महिनाभर आधीच सगळं साजरं करून थकलेली माणसं नेमकी त्या ओळीला उभीच राहतात, कारण पुस्तिका छापणाऱ्यालाही त्याची आठवण राहिलेली नसते.

2028 साली हे सगळं आणखी आवळून येईल. त्या वर्षी पहिला रविवार 3 डिसेंबरला आहे, चौथा 24ला. आगमनकाळ 22 दिवसांचा, आणि चौथा आठवडा म्हणजे एक सकाळ आणि एक दुपार. 2023 सालीही असंच होतं, आणि सजावट करणाऱ्यांनी शनिवारीच फुलं लावून टाकली की रविवारच्या सकाळी जांभळ्या वस्त्रातला पुरोहित नाताळच्या मांडवात उभा राहतो. तेव्हा वेळापत्रक आधीच ठरवावं लागेल: सकाळी चौथी मेणबत्ती आणि त्या वर्षीचं वाचन, म्हणजे योसेफाचं स्वप्न; दुपारी जांभळं उतरवून पांढरं, फुलं, दिवे; रात्री बाळ. फुलांची ऑर्डर शनिवारची देऊ नये.